वाजव म्हणाला म्हणून

नसरापूर फाट्याच्या थोडं पुढं, सातारा रस्त्याला लागून एक हॉटेल होतं. पुढं ट्रकवाल्यांसाठी बाजा टाकलेल्या, मागं पत्र्याचं लांबलचक शेड, आणि त्या शेडात परमिट रूम. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. पुण्याची काही पोरं शनिवारी रात्री तिथं येऊन गिटार आणि ड्रम वाजवायला लागली होती आणि भोरच्या कॉलेजात त्याचीच चर्चा होती. कुणी म्हणायचं, त्यांचे केस कमरेपर्यंत आहेत. कुणी म्हणायचं, ती गात नाहीत, नुसती ओरडतात. एकानं तर शपथ घेऊन सांगितलं की त्या आवाजानं हॉटेलवाल्याची म्हैस आटली.

मला तिथं नेलं माझ्या मित्रानं. तो वेल्हे तालुक्यातल्या पासलीचा, शेतकरी मराठा घरातला. भोरात खोली घेऊन राहायचा. मी उत्रोलीच्या पुढच्या एका गावातून सायकलवर कॉलेजला यायचो. आम्ही एका बाकावर बसायचो, एका डब्यातलं खायचो. त्या पावसाळ्यात मी त्याच्या घरी लावणीला गेलो होतो. गुडघाभर चिखलात वाकून भात लावलं होतं आणि त्याच्या आईनं मला चुलीपुढं बसवून नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं होतं. "लाजू नगंस लेकरा, अजून घे," म्हणाली होती. मला फार बरं वाटलं होतं. पुढं दिवाळीच्या सुमारास तिसऱ्याच कुणाकडून कळलं की त्यानं घरी माझं आडनाव वेगळं सांगितलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीचा पोरगा म्हणून नव्हे, कुठल्याशा मराठ्याचा पोरगा म्हणून मी तिथं जेवलो होतो. मी त्याला काहीच बोललो नाही. गिळलं. राग गिळायची सवय आम्हाला भाकरीबरोबरच लागलेली.

माझे वडील एके काळी हलगी वाजवायचे. हे मी ऐकूनच होतो, पाहिलं कधी नाही. मी पोटात असताना आमच्या वस्तीनं धर्म बदलला आणि त्याबरोबर गावकीची कामं सोडली. मेलेलं जनावर ओढायचं नाही, सांगावे घेऊन पळायचं नाही, लग्नात, मयतीत, देवाच्या पालखीपुढं वाजवायचं नाही. त्या वर्षीच्या यात्रेला गावचा पुढारी स्वतः वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, हलगी शेकून घे आणि चल. वडील नाही म्हणाले. पालखी हलगीशिवाय निघाली. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाल्यानं आमचं दळण घेणं बंद केलं, वाण्यानं मीठ देणं बंद केलं, आणि नदीच्या वाटेवर बाभळीचे काटे येऊन पडले. आई सांगायची, "तुझ्या येळंला म्या जात्यावर दळून दळून हात सोलून घेतलं. तांदूळ सरलं तवा रानातलं कंद उकडून खाल्लं. तू त्याच्यावर वाढलास."

म्हणून आमच्या घरात वाजवायला बंदी होती. ताटावर बोट आपटलं तरी वडील वर बघायचे. शाळेत एकदा मी बाकावर बोटं वाजवत होतो, तर मास्तर हसून सगळ्या वर्गाला म्हणाले, "बघा, वळण जात नाही म्हणतात ते हे." पोरं हसली. ते घरापर्यंत पोचलं, आणि वडिलांनी मला निरगुडीच्या ओल्या फोकानं बोटांवर मारलं. त्यांनी मला मारलं ते तेवढंच. पण बोटांना कोण सांगणार? गिरणीचा पट्टा, एसटीचं इंजिन, मळणीला भाताच्या पेंढ्या फळीवर आपटायच्या तो आवाज, सगळ्यांत मला ठेका ऐकू यायचा. रस्त्यानं चालताना मी हात खिशात ठेवायचो आणि खिशातल्या खिशात वाजवत राहायचो.

तर त्या शनिवारी आम्ही भोरहून पुण्याची एसटी धरली आणि दिवे लागायच्या वेळेला फाट्यावर उतरलो. मित्राचा एक चुलतभाऊ त्या हॉटेलात वाढप्या होता. त्यानं आम्हाला शेडात खांबाजवळच्या बाकड्यावर बसवलं, दोन चहा आणून ठेवले आणि दटावलं, "हितंच बसा. मालकानं इचारलं तर माजं नाव सांगा. आन पिऊ नका." रात्री त्याच्याच खोलीत झोपायचं ठरलं होतं.

शेडात अंडाभुर्जीचा, विडीचा आणि रॉकेलचा वास कोंदला होता. ट्रकवाले होते, पुण्याहून मोटरसायकलवर आलेली पाच-सात पोरं होती, आणि पुढच्या मोठ्या टेबलावर एक कंत्राटदार आपल्या पाहुण्यांना घेऊन बसला होता. पाठमोरा होता, म्हणून मी त्याला लगेच ओळखलं नाही.

ती चौघं आली. केस कमरेपर्यंत नव्हते, खांद्यापर्यंत होते. फाटक्या विजारी, काळे बनियन. त्यांनी कपाटाएवढी स्पीकरची खोकी लावली आणि मग चौथ्यानं गोणपाटाखालून एकेक ड्रम काढून मांडायला सुरुवात केली. एक पायानं वाजवायचा, एक मांडीशी, दोन वरती, आणि वर पितळेच्या मोठाल्या थाळ्या. मी आयुष्यात पहिल्यांदा ड्रमसेट बघत होतो. एक माणूस एवढं सगळं एकटा वाजवणार, हे मला पटेना.

मग त्यांनी सुरुवात केली.

मी गाणं ऐकत होतो असं म्हणता येणार नाही. ते माझ्यावर येऊन आदळलं. गिटारचा पहिला फटका बसला तसे शेडातले दिवे मिणमिणले, पत्रा थरथरला, माझ्या चहाच्या कपाची बशी टेबलावर सरकायला लागली. गाणारा पोरगा इंग्रजीतून ओरडत होता. त्यातला एक शब्द कळेल तर शपथ. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या, डोळे मिटलेले. एवढं मात्र कळलं की तो कुणाला तरी शिव्या देतोय आणि मनापासून देतोय. आणि मागं तो ड्रमवाला. त्याचा प्रत्येक घाव माझ्या बरगडीच्या आत पडत होता. माझे हात खिशातून कधी बाहेर आले मला कळलं नाही. मांडीवर, बाकड्यावर, खांबावर मी वाजवत सुटलो होतो, आणि मला कुणी बघत नव्हतं, कुणी हसत नव्हतं, आणि आवाज एवढा की माझा आवाज त्यात कुठल्या कुठं बुडून जात होता. हे कुणाच्या लग्नातलं नव्हतं, कुणाच्या मयतीतलं नव्हतं, कुणाच्या देवापुढचं नव्हतं. ती पोरं स्वतःसाठी वाजवत होती. असं वाजवता येतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

गाणं थांबलं तेव्हा एक ट्रकवाला उठून म्हणाला, "ए हिप्पी! पिक्चरचं गाणं लाव की एखादं!" सगळे हसले. गाणारा माईकवरून हिंदीत म्हणाला, "फिल्मी गाना सुनना है तो रेडिओ लगाओ. हम अपना ही बजाते हैं." पुन्हा सगळे हसले, तो ट्रकवालासुद्धा. हॉटेलवाला हसला. पुढचं गाणं सुरू झालं.

मी मात्र तिथं अडकलो. नाही म्हणायचं, आणि लोकांनी हसून सोडून द्यायचं. याच्या घरचं दळण उद्या कुणी परत पाठवणार नव्हतं. याच्या आईला कंद उकडावे लागणार नव्हते. माझ्या वडिलांनी हेच म्हटलं होतं, आमचं आम्ही बघू, तुमचं वाजवणार नाही. आणि त्यांना त्याची काय किंमत पडली होती! क्षणभर मला त्या पोराचा एवढा राग आला की उठून त्याचा माईक उपटावा. पुढच्या क्षणाला ड्रम पुन्हा सुरू झाला आणि राग कुणाचा हे मी विसरलो. तो नुसताच राग राहिला, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडला.

पाच-सहा गाणी झाली असतील. ड्रमवाला सारखा पाण्यासारखी बिअर पीत होता. मध्येच काठ्या टाकून उठला, धडपडत मागच्या दारानं गेला आणि शेताच्या बांधावर ओकायला लागला. ते आवाज आत ऐकू येत होते. गाणारा म्हणाला, थोडा वेळ थांबा. लोक थांबेनात. ग्लास टेबलावर आपटायला लागले.

पुढच्या टेबलावरचा कंत्राटदार उठून मागं वळला, आणि आमची नजरानजर झाली. आमच्या गावच्या त्याच पुढाऱ्याचा थोरला मुलगा. बाप म्हातारा झाला होता. पोरगा आता वेल्ह्याकडच्या रस्त्यांची कामं घ्यायचा. त्यानं मला ओळखलं आणि त्याचं तोंड खुललं.

"आरं, ड्रमवाला नसला तर नसला!" तो सगळ्या शेडाला ऐकू जाईल असं बोलला. "ह्यो बसलाय की हितं आमच्या गावचा. ह्यांच्या घरात पिढीजात वाजाप हाय. ह्याचा आजा, ह्याचा बाप, सगळं हलगीवालं. ए पोरा, चल. बस तिथं. वाजव."

मी हललो नाही.

"आरं ऊठ की! लाजतोय काय?" मग पाहुण्यांकडं वळून, हसत, त्यानं आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं आणि म्हणाला, "धरम बदलला म्हनून हात बदलत्यात व्हय?"

पाहुणे हसले. गाणाऱ्या पोराला त्यातलं काही कळलं नसावं. तो उत्साहानं पुढं आला आणि त्या ड्रमवाल्याच्या काठ्या माझ्यापुढं धरून म्हणाला, "बजाता है? आ जा, यार."

त्या काठ्या माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. घामानं काळ्या झालेल्या, टोकाला झिजलेल्या. मला त्या पाहिजे होत्या. त्या रात्री जगातली दुसरी कुठलीच गोष्ट मला नको होती. मी उठलो असतो तर मला काही येत नव्हतं तरी मी वाजवलं असतं, पत्रे उडाले असते. आणि त्या माणसानं ते "वाजव" म्हणून टाकलं होतं. कुत्र्यापुढं तुकडा टाकावा तसं माझ्यापुढं माझंच मन टाकलं होतं.

माझा मित्र शेजारी बसला होता. त्यानं मला कोपरानं ढोसलं. "जा की गड्या. येतंय की तुला. मघाधरनं बाकडं बडवतोयस. जा."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की माझी हौस भागेल. तेच मला सोसलं नाही.

मी उभा राहिलो. "म्या वाजवत न्हाई," एवढंच म्हणालो, आणि बाकड्यावरून उडी टाकून दारातून बाहेर पडलो. मागून हसण्याचा आवाज आला. कंत्राटदार म्हणत होता, "बापावर गेलाय."

सातारा रस्त्यानं मी चालायला लागलो. कुठं चाललोय ते बघितलं नाही. मित्र धावत आला.

"आरं, काय झालं? त्यो पिलेला मानूस. त्याचं काय मनावर घेतोस?"

"तू कशाला मला ढकललंस?"

"तुला वाजवायचं व्हतं म्हनून! न्हवतं म्हनून सांग बरं!"

"त्याच्या सांगण्यावर?"

"त्यो वाईट काय बोलला? तुमी वाजवायचाच की आधी. त्यात लाज कसली?"

मी थांबलो. समोरून एक ट्रक आला, त्याच्या उजेडात मला त्याचं तोंड दिसलं. भाबडं, गोंधळलेलं. मी म्हणालो, "लाज न्हाई ना? मग तुझ्या आईला माझं आडनाव खोटं का सांगितलंस?"

ट्रक गेला.

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी का सांगंना."

"आईला तरास झाला असता रं. म्हातारी हाय ती. आन तुला घरात बसून जेवाया मिळावं म्हनून..."

"म्या तुझ्या घरी जेवाया आलो न्हवतो. लावणीला आलो व्हतो. तुझ्या रानात चिखल तुडवायला माझं आडनाव चाललं, चुलीपुढं चाललं न्हाई."

तो हॉटेलकडं परत फिरला. मी कापूरहोळपर्यंत चालत गेलो. तिथं भाजीच्या एका ट्रकवाल्यानं मला भोरपर्यंत आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या खळ्यावर भात झोडायचं काम चाललं होतं. वडील आणि मी समोरासमोर. मी पेंढी अशी आपटत होतो की दाणे खळ्याबाहेर उडत होते. वडिलांनी दोन-तीनदा बघितलं आणि मग विचारलं, "कुनावर राग काढतोस भातावर?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी पेंढी खाली ठेवली, उपरण्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुला वाजवायचं व्हतं का न्हवतं?"

"व्हतं."

"मंग उठून आलास का?"

"त्यो वाजव म्हनाला म्हनून."

"आन त्यो नगं वाजवू म्हनला असता तर? वाजवलं असतंस?"

मी पेंढी उचलून पुन्हा फळीवर आपटली.

"मंग हुकूम त्याचाच चालला की!" ते एकदम ओरडले. इतकं ओरडलेले ते मला आठवत नाहीत. "त्याचा बाप बस म्हनला की आमी बसायचो. त्यो ऊठ म्हनला की तू उठतोस. येवढं शिकून काय फरक पडला रं?"

मीही भडकलो. "तुमीच सोडलीत ना हलगी? तुमीच मला मारलंत ना, नुसती बोटं वाजवली म्हनून? आता मला सांगताय वाजवायचं व्हतंस?"

आई दारातून धावत आली, तिला वाटलं मारामारी होतेय. वडील हळू आवाजात म्हणाले, "मारलं. मास्तर हसला व्हता म्हनून मारलं. मास्तराला मारता आलं न्हाई." आणि पुढं म्हणाले, "हलगी मला लई आवडायची. तुला वाटत आसंल, घान व्हती ती टाकली. घान हलगीत न्हवती. त्यो दारात येऊन चल म्हनायचा, त्याच्यात व्हती. ते म्या टाकलं, आन त्याच्यासंगं हलगी बी गेली. मला दोनी येगळं करता आलं न्हाई. तुला येत आसलं तर कर."

मग पेंढी उचलून पुन्हा झोडायला लागले. पुन्हा त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी मी दुपारीच हॉटेलवर गेलो, एकटा. ती पोरं नुकतीच टेम्पोतून उतरून सामान लावत होती. ड्रमवाला शुद्धीत होता. पुण्याच्या पेठेतला पोरगा निघाला, बोलायला साधा. मी त्याला म्हणालो, "मला वाजवून बघायचंय. लोक यायच्या आत."

"त्या दिवशी पोरांनी बोलावलं म्हणे, तेव्हा का नाही आलास?"

"तेव्हा तुम्ही बोलावलं नव्हतं."

त्याला कळलं नसावं, पण त्यानं काठ्या दिल्या. मी बसलो. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. मला अजिबात येत नव्हतं. हात बरोबर चालायचे, पाय ऐकायचा नाही. पायाकडं लक्ष दिलं की हात चुकायचे. रक्तात असतं म्हणणाऱ्यांनी त्या दुपारी तिथं यायला पाहिजे होतं. रक्तात काही नव्हतं. तो पोरगा शेजारी उभा राहून हसायचा, पण ते हसणं वेगळं होतं. "पाय सोड, पाय आपोआप येईल," म्हणायचा. शेड रिकामं होतं, एक मांजर टेबलावर बसून होतं. मी घामाघूम होईपर्यंत बडवत राहिलो.

मग मी दर शनिवारी दुपारी जायला लागलो. ट्रक मिळाला तर ट्रकनं, नाहीतर एसटीनं. घरी सांगून जायचो. संक्रांत उलटली तोवर एक साधा ठेका मला न चुकता वाजवता यायला लागला. एका शनिवारी ड्रमवाला म्हणाला, "आज रात्री थांब. एक गाणं तू वाजव. मला एक दिवस समोर बसून ऐकायचंय." गाणाऱ्यानंही मान डोलवली.

थांबलो. माझी पाळी आली तेव्हा शेड भरलं होतं, आणि पुढच्या टेबलावर तो होता. अर्थात होता. दर शनिवारी तो पाहुणे घेऊन यायचा. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. मी बसलो.

गिटार सुरू झाली आणि मी हात उचलला. त्या एका गाण्याबद्दल मला फार सांगता येणार नाही. दोनदा चुकलो असेन. पण मी पूर्ण ताकदीनं वाजवलं, जातं, कंद, फोक, चुलीपुढची ती भाकरी, सगळं त्या कातड्यावर आपटलं. मध्ये एकदा बघितलं तर कंत्राटदार उभा राहून पाहुण्यांना माझ्याकडं बोट करून काहीतरी सांगत होता. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मी आणखी जोरात वाजवलं.

गाणं थांबलं आणि त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "म्हनलं न्हवतं म्या? रगतातच हाय ह्यांच्या! शाब्बास रं पोरा!" आणि त्यानं ग्लास उंच केला.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी काठ्या ठेवल्या आणि सरळ त्याच्या टेबलापाशी गेलो. मी म्हणालो, "तुमी वाजव म्हनलात त्या दिवशी म्या वाजवलं न्हाई. आज म्या माझ्या मनानं वाजवलं. तुमची शाबासकी नको. आन आमच्या रक्ताचं तुमी बोलू नका. माझ्या आईचं रक्त तुमच्या बापानं जात्यावर काढलंय."

त्याचा चेहरा आधी हसरा राहिला, मग उतरला. त्यानं मला मारलं नाही. मी तयारीत होतो, पण मारलं नाही. त्यानं नुसतं मान वळवून हॉटेलवाल्याला हाक मारली आणि म्हणाला, "आमी हितं बसायचं का न्हाई, ते ठरवा."

हॉटेलवाला लगबगीनं आला, माझा दंड धरला आणि दाराकडं न्यायला लागला. "चल बाबा, चल. मला धंदा करायचाय. पुन्हा येऊ नगंस." मी मागं वळून त्या चौघांकडं बघितलं. गाणारा माईकपाशी उभा होता. ट्रकवाल्याला तोंडावर नाही म्हणणारा, शिरा ताणून जगाला शिव्या देणारा. तो आपल्या गिटारची तार पिळत होता. खाली बघत.

मी रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं ड्रमवाला बाहेर आला. सिगारेट पेटवली, मला एक पुढं केली. मी घेतली नाही.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण जागा मालकाची आहे. आम्हाला दुसरीकडं कुठं वाजवू देत नाहीत. पुण्यात कॅम्पातल्या हॉटेलांनी हाकललंय. तू समजून घे."

"ते गाणं कशावर आहे?" मी विचारलं. "मी वाजवलं ते. शब्द काय आहेत त्यात?"

तो जरा घोटाळला. "म्हणजे... असंच. कुणाचं ऐकू नका, मान वाकवू नका. तसलं."

"मग आत जाऊन तेच म्हणा," मी म्हणालो. "त्या कंत्राटदाराला आवडेल. त्याला इंग्रजी येत नाही."

माझा आवाज चढला होता. त्यानं सिगारेट अर्धीच टाकली, पायानं विझवली आणि आत गेला. थोड्या वेळानं शेडातून पुन्हा आवाज यायला लागला. तेच घाव, तोच ओरडा. मी कान देऊन ऐकलं. त्यानं चांगलं वाजवलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्यानं मला आणखीच संताप आला.

एसटी आली. मी चढलो.

त्या हॉटेलात मी परत गेलो नाही. त्या पोरांना मालकानं उन्हाळ्याआधीच काढलं आणि सिनेमाची गाणी म्हणणारा ऑर्केस्ट्रा आणला, असं कानावर आलं. कंत्राटदारानं आमच्या वस्तीकडं येणाऱ्या रस्त्याचं काम दोन पावसाळे अडवून ठेवलं; वस्तीतल्या काही जणांनी त्याबद्दल मला बोल लावला आणि वडिलांनी त्यांच्याशी भांडण काढलं. मित्र परीक्षेच्या वेळी माझ्याशी बोलायला आला. त्यानं घरी खरं सांगितलं होतं. मी विचारलं, "आई काय म्हनाली?" तो म्हणाला, "काय न्हाई म्हनाली. उठून गेली." आम्ही एकमेकांच्या शेजारी बसून पेपर लिहिले. पासलीला मी त्यानंतर गेलो नाही, आणि त्यानंही बोलावलं नाही.

मी पुण्याला कारखान्यात लागलो. पहिल्या वर्षीच जुन्या बाजारातून एक मोडका ड्रम आणला, एकच, आणि भाड्याच्या खोलीत रविवारी वाजवायला लागलो. चाळीतले लोक तक्रार करायला आले. त्यांनी विचारलं, कुणाचं लग्न आहे, कुणाचं काय आहे? मी म्हणालो, कुणाचं काही नाही. माझं मी वाजवतोय.